मला विचारलं तरी असतं



2020 सालचा जानेवारी महिना. नागपुरात थंडी चांगलीच उतरली होती. धरमपेठेत, लक्ष्मीभवन चौकापासून चालत पाच मिनिटांवर आमच्या खालाचं घर आहे. त्या रात्री तिथे आम्ही आठ-नऊ जण जमलो होतो. इशाची नमाज आटोपली, गरम सांबारवड्यांची परात मधोमध आली आणि टीव्ही लागला. झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ या मालिकेतल्या आसावरीचं लग्न होतं. वरच्या मजल्यावरच्या काकू खास त्यासाठी शाल पांघरून खाली आल्या होत्या.

आमची खाला निवृत्त शिक्षिका. सारी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. मालिकेत कुणी ‘मी तुझी मदत केली’ म्हणालं, की ती टीव्हीलाच सुनावते, “तुझी नाही रे, तुला मदत केली.” खालूंच्या इंतकालला तेव्हा सहा वर्षं झाली होती. ती मुला-सुनेबरोबर राहत होती आणि आजही राहते.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आसावरी ही लवकर विधवा झालेली बाई. सासऱ्यांच्या धाकात आणि मुलाच्या लाडात तिची सारी उमर गेलेली. मुलाचं लग्न होतं, शुभ्रा नावाची सून घरात येते. प्रसिद्ध शेफ अभिजित राजे यांच्याशी आसावरीची ओळख होते आणि ही सूनच सासूच्या लग्नासाठी पुढाकार घेते. निवेदिता सराफ आसावरी झाल्या होत्या, तेजश्री प्रधान शुभ्रा. अभिजित राजे झाले होते डॉ. गिरीश ओक, मूळचे आपल्या नागपूरचे. त्यामुळे आमच्या बैठकीत त्यांचं कौतुक जरा जास्तच.

पडद्यावर लग्न लागलं आणि खोलीत टाळ्या वाजल्या. भाभीने डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, “सून असावी तर अशी.” काकूंनी खालाचा हात दाबला. खाला काही बोलली नाही. तिने परातीतली शेवटची वडी उचलली आणि नातवाला दिली.

आठ-दहा दिवसांनी ओळखीच्या एक बाई घरी आल्या. कामठीचे एक निवृत्त गृहस्थ होते, बीवीचा इंतकाल होऊन चार वर्षं झालेली, मुलं बाहेरगावी. त्यांच्या बहिणीने खालासाठी पैगाम पाठवला होता. बाई गेल्यावर आमचा खालाजाद भाऊ स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, “आता या वयात अम्मीचा निकाह लावायचा का?” आणि हसला. भाभी हसली. टेबलाशी चहा घेत आम्ही बसलो होतो. खरं सांगायचं तर सगळ्यात मोठ्याने आम्हीच हसलो. दुसऱ्या दिवशी निरोप गेला, “अलहम्दुलिल्लाह, मुलगा-सून नीट सांभाळतात. त्यांना गरज नाही.” खाला तेव्हा आतल्या खोलीत होती. तिला विचारायला कुणी गेलं नाही.

आजचं हे सदर त्या दोन दिवसांबद्दल आहे. एका रात्री आम्ही टाळ्या वाजवल्या आणि आठ-दहा दिवसांत त्याच गोष्टीला हसलो. असं का झालं असावं?

आधी टीव्हीकडे पाहू. आपल्या घरातल्या कुणालाही विचारा, मालिकेतली म्हातारी माणसं कशी असतात? उत्तर ठरलेलं मिळेल. एक असते आशीर्वाद देणारी आजी. ती कोपऱ्यात बसून असते, सणाला तिच्या पाया पडतात, संकटात ती एखादी शहाणपणाची गोष्ट सांगते. दुसरी असते कारस्थानी सासू. भारी साडी, मोठी टिकली आणि दाराआडून ऐकण्याची सवय. तिसरा असतो कमी ऐकू येणारा किंवा विसराळू आजोबा, हसवण्यापुरता. या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांना स्वतःसाठी काही नको असतं. आजीला घर एकत्र हवं, सासूला मुलगा मुठीत हवा, आजोबांना चहा हवा. त्यापलीकडे त्यांचं स्वतःचं काही असू शकतं, हे लिहिणाऱ्याच्या मनातच येत नाही.

सुरुवात अशी नव्हती. 7 जुलै 1984 रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. त्यातली दादी अनेक घरांत आपली झाली. सुषमा सेठ ती भूमिका करत होत्या आणि त्यांचं वय होतं 48. दादीला कॅन्सर झाल्याचं दाखवलं, तेव्हा तिला मारू नका अशी मागणी प्रेक्षकांनी केली. म्हातारं पात्र लोकांना नकोसं होतं, असं म्हणणाऱ्यांनी हे आठवावं.

तरुण नटाने म्हातारा होणं हीही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. 1970 मध्ये ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं तेव्हा डॉ. श्रीराम लागू 43 वर्षांचे होते. 1984 च्या ‘सारांश’ चित्रपटात मुलगा गमावलेले निवृत्त शिक्षक प्रधान साकारणारे अनुपम खेर तर तिशीचेही नव्हते. त्याबद्दल कुणी तक्रार करू नये. ती माणसं म्हातारपणाच्या आत शिरली होती. गुडघा वाकवायला किती वेळ लागतो, एकटेपणात माणूस चष्मा कितीदा पुसतो, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं.

पुढे रोजच्या मालिकांचा जमाना आला आणि वय म्हणजे कानशिलावरची पांढरी बट एवढंच उरलं. 3 जुलै 2000 रोजी ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली. तुलसी झालेल्या स्मृती इराणी तेव्हा 24 वर्षांच्या होत्या. मालिकेने एका झेपेत वीस वर्षं ओलांडली आणि तिशीच्या आतबाहेर असतानाच त्या कर्त्या मुलांच्या आई झाल्या, मग आजीही. सुधा शिवपुरी यांची ‘बा’ पहिल्यापासूनच म्हातारी होती. पिढ्या पुढे सरकल्या तरी बा आहेच. तिचं वय आता शंभराच्या पुढे गेलं असेल, असा हिशेब आमच्याच घरात जेवताना व्हायचा. एकूण काय, चेहऱ्यावर सुरकुती नाही, चालीत थकवा नाही, बँकेचं पासबुक नाही, गुडघ्याचं तेल नाही. असं म्हातारपण पाहून मोठी झालेली पिढी घरातल्या खऱ्या म्हाताऱ्याकडे पाहून बुचकळ्यात पडली तर नवल नाही.

तरीही साचा मोडणारं काही घडलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. 2001 मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली आणि अकरा वर्षांच्या आसपास चालली. रोहिणी हट्टंगडी यांची आशा देशमुख ही त्या मालिकेचा कणा होती. सासू म्हणजे खलनायिका, हे समीकरण तिने तीन हजारांहून अधिक भाग रोज थोडं थोडं मोडलं. 2008 मध्ये हिंदीत ‘बालिका वधू’ आली. सुरेखा सिक्री यांची दादीसा आधी इतकी कठोर, की चॅनल बदलावंसं वाटे. पण ती हळूहळू बदलत गेली. चुकलेलं कबूल करू लागली. म्हातारं माणूस बदलत नाही, हा आपला केवढा पक्का समज! त्या बाईने तो घराघरांत हलवला.

‘अग्गंबाई सासूबाई’त तर एकाच छताखाली दोन म्हातारपणं होती. आसावरीचं एक आणि तिच्या सासऱ्यांचं दुसरं. ‘कोंबडीच्या’ म्हणून ओरडणारे ते आजोबा रवी पटवर्धन यांनी साकारले. सुनेच्या लग्नाला त्यांचाच सगळ्यात मोठा विरोध आणि शेवटी वळलेही तेच. पटवर्धन तेव्हा ऐंशी ओलांडून गेले होते. त्याच वयात ते रत्नाकर मतकरींच्या ‘आरण्यक’ नाटकात धृतराष्ट्र म्हणूनही उभे राहत होते. डिसेंबर 2020 मध्ये त्यांचं निधन झालं. ऐंशीनंतर माणसाने काय करावं, याचं उत्तर त्यांच्या पात्रापेक्षा त्यांनी स्वतः चांगलं दिलं.

त्याच सुमारास, डिसेंबर 2019 मध्ये, स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते’ आली. लग्नाला पंचवीस वर्षं होत असताना अरुंधतीला नवऱ्याचं दुसरं नातं कळतं. मुलं मोठी झालेली. आता सहन कर, वय झालं, असं म्हणायला सगळं जग तयार. ती वेगळी होते, गाणं हाती घेते, पुढे पुन्हा लग्न करते. मधुराणी प्रभुलकर यांनी ही भूमिका मालिका संपेपर्यंत, म्हणजे 2024 पर्यंत निभावली. 2025 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘वीण दोघातली ही तुटेना’त लग्नाचं रूढ वय उलटून गेलेली दोन माणसं नायक-नायिका आहेत. नायिका पुन्हा तेजश्री प्रधानच. आणि जुलै 2025 मध्ये तुलसी परतली. स्मृती इराणी तेव्हा 49 वर्षांच्या होत्या. पांढरी बट चिकटवून मिळवलेलं वय आता त्यांचं स्वतःचं होत चाललं आहे.

पण टीव्हीने एक खोट मात्र सोडलेली नाही. 2018 मध्ये ‘तुला पाहते रे’त चाळिशी ओलांडलेला विक्रांत आणि विशीतली ईशा यांची प्रेमकथा आली आणि घरोघरी पाहिली गेली. पुरुषाचं वय तिथे रुबाब होता. उलट आसावरीला पन्नाशीत आपल्याच वयाचा जोडीदार मिळावा म्हणून कितीतरी भाग खर्ची पडले. किती परवानग्या, किती रडणं, किती माफ्या! पुरुषाचं वय वाढलं की त्याची कहाणी होते आणि बाईचं वाढलं की अडचण. हे टीव्हीने शोधून काढलेलं नाही. आपल्याच घरातून उचललं आहे.

आपल्याच घरातून म्हणताना आणखी एक गोष्ट जाणवते. या सगळ्या यादीत आपल्या घरातलं म्हातारपण कुठे आहे? आमच्या पाहण्यातल्या मराठी मालिकांत वयस्क मुसलमान आला, तर तो बहुधा गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला चाचा असतो. टोपी, दाढी, हातात तस्बीह, एक दुआ देतो आणि निघून जातो. त्याला घर नसतं, सून नसते, पेन्शनची कटकट नसते. तो कुणाचा बाप नसतोच, फक्त चांगला माणूस असतो. नुसतं चांगलं दाखवणं हाही साचाच झाला.

याला छेद देणारं एक उदाहरण मात्र आमच्या मनातून जात नाही. श्याम बेनेगल यांचा 1994 चा ‘मम्मो’. मालिका नाही, चित्रपट आहे, पण घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा असा. फाळणीत पाकिस्तानात गेलेली मेहमूदा बेगम, म्हणजे मम्मो, नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुंबईत बहिणीकडे येते. फरीदा जलाल मम्मो आणि सुरेखा सिक्री तिची बहीण फय्यूजी. दोघी भांडतात, रुसतात, जुन्या गोष्टी उकरतात, पोरसवदा नातवाला वैताग आणतात. मम्मो नुसती दुआ देत बसत नाही. तिला बहिणीजवळ राहायचं आहे, हवं ते ती मोठ्याने सांगते, आणि सरकारने परत पाठवल्यावरही हार मानत नाही. आपल्या कुठल्याही मोहल्ल्यात भेटेल अशी ती बाई आहे. अशी एखादी मम्मो मराठी मालिकेत यावी, ही आमची जुनी इच्छा.

आता धरमपेठेतली गोष्ट. महेश एलकुंचवार यांनी इथल्याच महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवलं. त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ नाटकात विदर्भातल्या एका मोठ्या घरातली दादी आहे. ती पुन्हापुन्हा किती वाजले ते विचारते. आम्ही पहिल्यांदा नाटक पाहिलं तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हसू आलं. नंतर नंतर मात्र घशात काहीतरी अडकलं. घर माणसांनी भरलेलं आहे आणि म्हातारीचं बोलणं घड्याळाच्या टिकटिकीसारखं झालं आहे. आवाज येतो, पण कुणी लक्ष देत नाही. 1985 चं हे नाटक. रोजच्या मालिकांच्या कितीतरी आधी त्याने आपल्याला आरसा दाखवला होता.

तोच आरसा आमच्यासमोर गेल्या रमजानमध्ये आला. खालाकडे इफ्तार होती. मगरिबनंतर चहा झाला आणि बोलता बोलता ‘अग्गंबाई सासूबाई’चा विषय निघाला. भाभी म्हणाली, “तेव्हा काय मजा यायची, नाही?” खाला ग्लास पुसत होती. ती अगदी सहज म्हणाली, “हो. आणि त्यानंतर कामठीचा पैगाम आला होता.”

खोली गप्प झाली. भाऊ म्हणाला, “अम्मी, तुम्हाला कसं माहीत?”

“या घराच्या भिंती पातळ आहेत, बेटा. हसणं सगळं ऐकू येतं.” तिने आमच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणूनच ते जास्त लागलं. मग म्हणाली, “मी नाहीच म्हटलं असतं, बहुतेक. तुमचे अब्बू गेल्यावर मला कुणाचा स्वयंपाक नव्याने शिकायचा नव्हता. पण मला विचारलं तरी असतं.”

वाचकहो, आम्ही या सदरात दीनच्या गोष्टी सांगण्याचं टाळतो, ते काम जाणकारांचं. पण इथे एक आठवण दिल्याशिवाय राहवत नाही. उम्मुल मोमिनीन हजरत खदीजा (रजि.) विधवा होत्या, व्यापार सांभाळत होत्या, प्रेषितांपेक्षा (स.) वयाने मोठ्या होत्या. प्रसिद्ध रिवायतीप्रमाणे त्यांचं वय तेव्हा चाळीस होतं आणि निकाहचा पैगाम त्यांच्याकडूनच गेला होता. हे आपण मुलांना अभिमानाने शिकवतो. विधवेच्या निकाहला आपल्याकडे बंदी नाही, हेही इतरांना सांगतो. आणि घरात पैगाम आला की स्वयंपाकघरात हसतो. टीव्हीवर साचे आहेत खरे, पण आमच्या हसण्याला कुठल्या चॅनलने भाग पाडलं नव्हतं.

त्या रात्री भावाने विचारलं, “अम्मी, मग आता तुम्हाला काय हवं?” आवाजात अपराधीपणा होता. त्याला वाटलं असेल, उमराह म्हणेल, बांगड्या म्हणेल.

खाला म्हणाली, “माझं एटीएम कार्ड.”

भावाचा चेहरा उतरला. तो वाईट मुलगा नाही, हे आम्ही इथे लिहून ठेवतो. अम्मीला रांगेत उभं राहायला नको, उन्हात जायला नको, म्हणून कार्ड त्याच्या पाकिटात होतं. दर महिन्याला तो पेन्शन काढायचा, पैशापैशाचा हिशेब वहीत लिहायचा, मागेल ते आणून द्यायचा. अडचण ‘मागेल ते’ याच दोन शब्दांत होती. साऱ्या हयातीत स्वतःच्या पगारावर सही करणाऱ्या बाईला भाचीच्या बाळाला पाचशे रुपये द्यायचे, तर मुलाकडे मागावे लागत होते. त्रास नको म्हणून आपण म्हाताऱ्यांच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतो. आधी बाजाराची पिशवी, मग गॅसचं बटण, मग कार्ड, मग मत. शेवटी खुर्ची आणि रिमोट तेवढा राहतो. मग म्हणतो, दिवसभर मालिकाच बघत असतात.

कार्ड मिळालं. दुसऱ्या दिवशी खाला वरच्या काकूंना घेऊन निघाली. पिन तीनदा चुकला आणि कार्ड बंद पडलं. भाऊ म्हणाला, “बघा, म्हणूनच मी...” आणि आमच्याकडे पाहून थांबला. दोघी चार दिवसांनी पुन्हा गेल्या, नवा पिन घेतला. परत येताना गोकुळपेठेच्या बाजारात थांबल्या. खाला दोन तासांनी घरी आली, हातात पिशवी. भाभीने विचारलं, “अम्मी, किती काढले?”

“काढले,” खाला म्हणाली आणि आत गेली.

मालिकांच्या लेखकांनी अशी एखादी बाई लिहावी, असं आम्हाला फार वाटतं. लग्नच करायला हवं असं नाही, बंडही नको. बँकेतून एकटी परत येणारी, किती काढले ते न सांगणारी बाई. पण त्यांची वाट पाहत आपण थांबायचं कारण नाही. या महिन्यात घरातल्या मोठ्यांना एवढं विचारा: तुमचे पैसे कुणाच्या हातात असावेत? तुम्हाला कुणाला भेटायला जावंसं वाटतं? आणि तुमच्याबद्दल आम्ही एखादा निर्णय तुम्हाला न विचारता घेतला आहे का? तिसरा प्रश्न विचारताना घरात टीव्ही बंद ठेवा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. आम्ही आमच्या अम्मीला विचारला. उत्तर संपायला दोन दिवस लागले.

तुमच्या घरी काय उत्तर मिळालं, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. मोठ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र असेल तर ते आम्ही आधी वाचू.

खुदा हाफिज.